किल्ल्याचा दगड

काल नातीने किल्ल्याच्या भिंतीखालचा एक दगड उचलून माझ्या नाकाशी धरला. "दादी, स्मेल!" ओलसर, खारट, समुद्राचा वास. मी म्हटलं, "ठेव तो खाली."

साठच्या दशकात आखातातल्या रास अल-खैमातला हा किल्ला पडका होता. आम्ही जवळच खजुराच्या झावळ्यांच्या खोपीत राहायचो. वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून ह्यांनी रत्नागिरीच्या सवयीने वर एक दगड ठेवला, तो इथूनच आणलेला. शेजारची अरब बाई तो बघून मागेच सरली. "जिनांचा आहे, परत ठेवा." हे हसले. त्याच आठवड्यात आमचा तान्हा इकबाल तापाने फणफणला. त्याला मांडीवर घेऊन मी बसले, की छपरातून हाच वास यायचा.

आयर्लंडची नर्स आली तेव्हा धीर आला. शिकलेली बाई, ही तरी असलं काही मानणार नाही. तिने औषध पाजलं. निघताना तिची नजर छपराकडे गेली. इथल्या हिंदुस्तान्यांकडून शिकलेल्या हिंदीत ती म्हणाली, "ये पत्थर किधर से लाया?" मी सांगितलं. तिचा चेहराच उतरला. "हमारे गाँव में टूटा मठ है. उसका पत्थर कोई घर नहीं लाता."

हे भर उन्हात दगड घेऊन किल्ल्याकडे धावले. संध्याकाळी ताप उतरला. औषधाने की कशाने, कोण जाणे; इकबाल ही गोष्ट ऐकतच मोठा झाला.

"इट्स जस्ट अ स्टोन, दादी," म्हणत नात तो पर्समध्ये टाकू लागली. मी पुन्हा तोंड उघडायच्या आत इकबालने, साठीच्या इंजिनियरने, दगड तिच्या हातून घेतला आणि वाकून होता तिथे ठेवला.