तिचा कंपोनंट

कळसला, आमच्या गावी, माझी ओळख 'कम्प्युटर दुरुस्त करणारा' अशी आहे. सुट्टीला गावी गेलो की लोक बंद पडलेले मोबाइल आणून पुढ्यात ठेवतात. मला स्क्रू ड्रायव्हर नीट धरता येत नाही, हे सांगून मी थकलो. माझं काम म्हणजे सर्वरवरच्या प्रोग्रामांना जागं करणं, कामाला लावणं आणि वेळ झाली की नीट निजवणं. हे ऐकून चुलते म्हणाले, "म्हंजे गुरं राखायचंच काम हाय की." मला राग आला, पण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

बारामतीत आमचं छोटं ऑफिस आहे. एका साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. ते एकसंध नसतं. त्याचे वेगवेगळे तुकडे असतात, त्यांना कंपोनंट म्हणतात. एक उसाच्या वजनाचं बघतो, एक गाड्यांचं, आणि एक शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप पाठवतो की उद्या तुमच्या उसाला तोड आहे. हा निरोपाचा कंपोनंट माझ्या बायकोने लिहिला होता. ती कऱ्हाटीची. आम्ही एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसायचो आणि घरी जाताना एकाच गाडीवर भांडत जायचो.

भांडण बहुतेक बंद करण्यावरून असायचं. माझे कंपोनंट बंद करायला सांगितले की असतील तिथे धाडकन आडवे व्हायचे. हातात घेतलेलं काही सोडायचे नाहीत, आणि मग बाकीचे त्यांची वाट बघत ताटकळायचे. ती म्हणायची, "तू घरातून निघताना तरी पंखा बंद करतोस का? तुझा प्रोग्राम वेगळा कसा निघेल?" तिचा कंपोनंट हातातलं काम पुरं करायचा, घेतलेलं ज्याचं त्याला परत द्यायचा आणि मगच थांबायचा. सुरू होताना तो सर्वरच्या नोंदीत एक शब्द लिहायचा, 'आले'. बंद होताना लिहायचा, 'येते'. मी खूप चिडवायचो. सर्वरला कसला आलाय निरोपसमारंभ? ती म्हणायची, "न सांगता निघून जाणं बरं दिसतं का?"

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. आठवडाही पुरा झाला नाही. शेवटी शेवटी ती शुद्धीवर नव्हती. जिने प्रोग्रामलासुद्धा सांगून निघायला शिकवलं, तिला स्वतःला एक शब्द बोलायला मिळाला नाही. मला याचा अजून राग येतो. कुणाचा, ते कळत नाही.

हंगाम संपला की आम्ही सगळे कंपोनंट बंद करतो आणि गाळप सुरू व्हायच्या वेळी पुन्हा उठवतो. पुढच्या उन्हाळ्यात मी बाकीचे बंद केले, तिचा केला नाही. "राहू दे चालू, मेमरी कितीशी खातो," असं सगळ्यांना सांगितलं. कुणी वाद घातला नाही. कंपोनंट जिवंत आहे का, हे सर्वरला विचारायची सोय असते. मी रोज सकाळी खुर्चीवर बसलो की आधी तेवढं विचारायचो. आहे का? उत्तर यायचं, आहे. मग चहा घ्यायचो. लोक फोटोला हार घालतात. मला ते कधी जमलं नाही, मी हे करायचो.

यंदा मात्र निरोपाचा कंपोनंट नव्याने लिहिला गेला. ऑफिसातल्या एका नव्या मुलीने लिहिला, आणि चांगला लिहिला. जुना आणि नवा एकदम चालवता येत नाहीत, नाहीतर शेतकऱ्याला एकाच तोडीचे दोन निरोप जातात. म्हणून हंगामाच्या आदल्या दिवशी मी बायकोच्या कंपोनंटला थांबायला सांगितलं. त्याने वेळ घेतला. हातातलं पुरं केलं, घेतलेलं परत दिलं. मग पडद्यावर शब्द आला, 'येते'. मी मोठ्याने "ये" म्हणालो. सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं, आणि मी रडत होतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बॉयलरची पूजा झाल्यावर कम्प्युटर विभागात सर्वरचीही छोटी पूजा होती. ती दरवर्षी असते. पूर्वी आम्ही दोघं बसायचो. बायको गेली त्या वर्षी दुःखाचं वर्ष म्हणून दुसरं जोडपं बसवलं, गेल्या वर्षीही तेच बसलं. यंदा विभागातले आबा म्हणाले, "सर्वरचं बटन तुमी दाबनार, मग पूजेलाबी तुमीच बसा. दोन वरसं झाली की आता." मला नाही म्हणता आलं नाही. गुरुजींनी माझ्या हातात एक सुपारी दिली. "कमरेला लावा. पत्नी नसली की मंडळींच्या जागी चालते."

खरा कंपोनंट नसला की आम्हीही त्याच्या जागी डमी ठेवतो. काही विचारलं की तो फक्त 'हो' म्हणतो. असे डमी मी आजवर ढिगाने ठेवले असतील. शास्त्राला हे आमच्या आधीपासून ठाऊक आहे हे बघून मला हसूच आलं. सुपारी पट्ट्यात खोचली आणि पाटावर बसलो.

संकल्पाची वेळ आली. गुरुजी सवयीने, भरभर, वरही न बघता म्हणाले, "मंडळींनी यजमानांच्या हाताला हात लावा."

मी उजवा हात थोडा उजवीकडे सरकवला, ती बसायची तिकडे. तिचा हात पोचेल एवढा. तळहातातलं संकल्पाचं पाणी बोटांतून गळायला लागलं. गुरुजींनी वर बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

आबा हळूच म्हणाले, "सोडा पानी."

"थांबा जरा," मी म्हणालो.

सगळे थांबले.