विमानात दक्षिणेकडे पाय

नारायण मेटकर सर. हे नाव सगळ्यात आधी लिहितो, कारण माझ्या नावापुढे बी.ई. लागलं ते त्यांच्यामुळे, आणि खाली जे सांगणार आहे तेही त्यांच्यापासून वेगळं काढता येत नाही.

मी तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. सर आमच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचे. बदली होऊन अमरावतीला निघाले तेव्हा बाबांना म्हणाले, "पोरगं माह्यासंगं देऊन द्या. वापस करीन, पन इंजिनीअर करून." राजापेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर. समोरच्या खोलीत सतरंज्या टाकून आम्ही खेड्यावरची चार पोरं. सरांना मूल नाही. कोणी विचारलं तर काकू म्हणायच्या, "हायेत ना चार. अन् चारही एकाच वयाचे, काय सांगू तुमाले."

भूत, संकेत, दृष्टांत या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. तो नसणंही सरांनीच शिकवलेलं. गावात कोणाच्या अंगात आलं की सर तिथे जाऊन त्या माणसाला एकोणीसचा पाढा विचारायचे! या सदरातले अनुभव मी वाचतो ते करमणूक म्हणून. आज स्वतः लिहायला बसलो आहे, तर हात जरा जड झाला आहे.

सरांची एकच गोष्ट त्यांच्या विज्ञानात बसत नव्हती. दक्षिणेकडे पाय करून कोणाला झोपू द्यायचे नाहीत. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, याच्यामागं काय कारण आहे?"

"कारन काईच नाही. माह्या मायचा शब्द हाय. मोडून काय भेटनार हाय तुले?"

आमच्यापैकी कोणी अभ्यास करता करता उलटा लवंडला, की सर सकाळी उठल्यावर त्याचा घोटा धरायचे आणि सतरंजीसकट त्याला फिरवून ठेवायचे. आपण अर्धवट झोपेत असायचो, पण कोण आहे ते लगेच कळायचं. सरांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच आहे, लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलेलं. त्यामुळे घोट्यावर अंगठा आणि तीन बोटं लागायची आणि मध्ये एक जागा रिकामी राहायची. ती पकड मी कुठेही ओळखीन.

आता प्रसंग. मी नागपूरच्या एका कंपनीत आहे, खाणीतले कन्व्हेयर बेल्ट बसवून देण्याचं काम. यावर्षी ऑस्ट्रेलियातल्या पर्थला मशीन सुरू करून द्यायला मला एकट्याला पाठवायचं ठरलं. तिकीट क्वालालंपूरवरून, एका स्वस्तातल्या विमान कंपनीचं. पाणी मागितलं तरी विकत देणारी कंपनी. पण तिच्याच विमानात सगळ्यात पुढे बारा सीटा अशा आहेत, की बटण दाबलं की सपाट पलंग होतो. या सीटा रिकाम्या राहिल्या तर प्रवाशांना बोली लावता येते. माझ्या कमरेच्या मणक्याचा त्रास जुना, म्हणून मी दुसऱ्या टप्प्यासाठी सहज बोली लावली… आणि लागली!

अमरावतीला फोन करून सांगितलं. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला होता.

"इमानात लेटून जाशीन?" काकू म्हणाल्या. "मंग ते इमान हाय का ॲम्ब्युलन्स?"

मागून सर हसले. "जाऊ दे त्याले. तेल्हाऱ्याहून अकोल्यापर्यंत यष्टीत उभ्यानं आलेलं पोट्टं हाय ते. आता झोपून जाऊ दे. अन् गजू, कसं वाटलं ते पत्रात लिहिजो. फोनवर सांगितलेलं मानूस विसरते."

सरांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलेलं होतं, अकोल्याला, कारण काकूंचं माहेर तिथलं. पण तारीख माझ्या परतीनंतरची होती. मी हजर राहणार, कागदांवर सही मी करणार, असं आमचं बोलणं झालं होतं. सरांनीच तसं सांगितलं होतं, "मुलगा म्हनून तूच सही करजो."

क्वालालंपूरला विमान बदलायला उतरलो आणि फोन सुरू केला, तर काकूंचे सात मिस्ड कॉल. पहाटेपासून सरांचं पोट खूप दुखत होतं. डॉक्टर म्हणत होते, आजच दुपारी बारा वाजता घेऊ, थांबायला नको. काकूंच्या सोबतीला त्यांचे भाऊ होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो.

मी म्हणालो, "काकू, मी इथूनच परत फिरतो."

फोन सरांनी घेतला. आवाज अगदी बारीक झाला होता. "तू येऊन काय माहं पोट शिवनार हायेस? सही मामा करते. बस त्या इमानात… बस मनतो ना!"

मी बसलो. अजूनही वाटतं, बसायला नको होतं.

विमान निघालं तेव्हा आपल्याकडे साडेअकरा वाजले होते. म्हणजे अर्ध्या तासात सरांना आत नेणार, आणि पुढचे साडेपाच तास मला काहीच कळणार नाही. या विमानात इंटरनेट नव्हतं. माझी सीट उजव्या खिडकीची, शेजारची रिकामी. मी घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवलं. बारा वाजले. साडेबारा. एक. जेवण आलं, तसंच परत दिलं. समोर स्क्रीन नव्हता, वाचायला पुस्तक घेतलं नव्हतं. नुसता काटा पाहत होतो.

पावणेदोनच्या सुमारास कंबर इतकी भरून आली की बसवेना. बटण दाबलं. पाठ खाली गेली, पाय पुढे सरकले. त्या पलंगाची रचना सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. पाय समोरच्या सीटखालच्या एका खोक्यात जातात. खोकं अरुंद, दोन पाय आणि वर वीतभर जागा. खाली पातळ गादी असते, तिला एका टोकाला इलॅस्टिक, ते डोक्याच्या बाजूला सीटच्या वरच्या भागात अडकवतात. म्हणजे गादी सरकत नाही. मी चादर पांघरली. धक्के बसतील अशी सूचना झाली होती, म्हणून हवाई सुंदरीने येऊन चादरीच्या वरून माझा पट्टा लावला, ओढून पाहिला आणि गेली.

तेव्हा ऊन माझ्या उजव्या हातावर पडलेलं दिसलं. शेतात वाढलेल्या माणसाला दिशा मोजाव्या लागत नाहीत. दुपारचं ऊन उजवीकडून म्हणजे उजवीकडे पश्चिम. म्हणजे विमान सरळ दक्षिणेला चाललेलं. म्हणजे माझे पाय दक्षिणेकडे.

सरांच्या मायचा शब्द आठवला. मग स्वतःचीच लाज वाटली. इंजिनीअर माणूस… विमान काय माझ्यासाठी वळवणार आहेत? डोळे मिटले. घड्याळात एक वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

कोणीतरी घोटा धरला.

अंगठा आणि तीन बोटं. मध्ये रिकामी जागा.

मला भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. उलट अंग सैल झालं. राजापेठेच्या त्या खोलीत असल्यासारखं वाटलं. सतरंजी हलते तसं अंगाखाली काहीतरी हललं, आणि मी झोपेतच म्हणालो, "हो सर."

जाग आली ती श्वास कोंडून. डोळे उघडले तर अंधार. नाकाच्या वर वीतभर अंतरावर प्लास्टिकची फळी. उठायला गेलो तर कपाळ आपटलं. माझं डोकं त्या पायाच्या खोक्यात होतं!

ओरडलो असेन, कारण हवाई सुंदरी धावत आली. तिनं आधी माझ्या पायांकडे पाहिलं, जे उशीच्या जागी होते. मग पट्ट्याकडे. पट्टा लावलेलाच होता, चादरीच्या वरून, तिनं लावला तसाच. तिनं तो सोडवला तेव्हा मला खाली घसरून बाहेर येता आलं. ती इंग्रजीत म्हणाली, "सर, तुम्ही पट्टा काढून परत लावला का?" मी म्हणालो, "नाही." मग तिनं गादी उचलली. इलॅस्टिकचं टोक खोक्यात होतं. गादीसुद्धा फिरली होती.

तिनं गादी नीट लावून दिली आणि न मागता पाण्याची बाटली आणून दिली. त्या कंपनीत!

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानंतर उतरेपर्यंतचे तीन तास कसे गेले ते लिहिता येत नाही. एकच विचार, सर गेले. असल्या गोष्टींत असंच असतं ना, माणूस जाताना भेटून जातो… असे अनुभव याच सदरात वाचून मी हसलो होतो. सीट उभी करून बसलो आणि घोट्यावर हात ठेवून राहिलो.

पर्थला चाकं टेकली आणि फोन लावला. काकूंनी लगेच उचलला.

"काकू, सर?"

"आनलं बाहेर, दोन वाजता. गुंगीत हायेत. हाक मारली तं बोलून नाही राहिले. डॉक्टर मनते होईन, पन गजू, तोंड कसं पांढरं दिसून राहिलं रे त्याहीचं…"

जिवंत होते. मला रडू आलं. आणि मग, का कोण जाणे, मी विचारलं, "काकू, सरांचे पाय कोणीकडं आहेत?"

"आता हे काय विचारतं?"

"ऊन कोणत्या हातावर आहे त्यांच्या?"

त्या पलंगाशी गेल्या असाव्यात. मग काकू म्हणाल्या, "उजव्या." आणि लगेच, "व माय! माह्या ध्यानात कसं नाही आलं! अहो दादा, पलंग फिरवा, आधी पलंग फिरवा!"

काकूंनी फोन बंद केलाच नव्हता, त्यामुळे मी सगळं ऐकलं. नर्स म्हणत होत्या, "आजी, असं नाही करता येत, पलंग भिंतीला लावलेला आहे." काकू म्हणाल्या, "मंग मी एकटीच लोटून देईन, पाह्य तू!" मामांचा आवाज, चाकांचा कर्र आवाज. आणि मग नर्सचा आवाज एकदम बदलला. "थांबा. थांबा, हात नका लावू. डॉक्टरांना बोलवा."

पोटातून घाण बाहेर काढायची जी नळी होती ती पलंगाच्या कठड्यात आणि भिंतीत दाबली गेली होती. पिशवी बराच वेळ रिकामीच होती. नळी मोकळी केली. पुढच्या तासाभरात सरांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. डॉक्टर मामांना म्हणाले, पुढच्या राउंडला दिसलंच असतं. असेलही. मी त्यांना खोटं ठरवत नाही.

नऊ दिवसांनी परत आलो. सरांना फोनवर सगळं सांगायला लागलो तर म्हणाले, "मले काईच आठवत नाही. मी कोनाचा पाय-बीय नाही धरला. तू लिहून धाड, सावकाश वाचतो."

कोणी म्हणेल, झोपेत मीच फिरलो. मग पट्टा? गादी? कोणी म्हणेल, काळजीनं भास झाला. मग नळी? मी यावर सरांनी शिकवल्यासारखा, कागदावर रेषा मारून विचार केला आहे. उत्तर येत नाही. सरांना पाठवलेलं पत्र खाली उतरवून देतो. त्यांची परवानगी घेतली आहे.

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलं होतं, झोपून जाताना कसं वाटलं. जातानाचं सगळं सोबतच्या कागदांवर लिहिलं आहे. तुम्ही म्हणता तुम्हाला आठवत नाही, आणि तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. म्हणून मी तुम्हाला काही विचारत नाही. तुम्ही मला नेहमी सांगितलं की जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' लिहायचं, गुण गेले तरी चालतील. तसं लिहितो : माहीत नाही.

सही करायला मी नव्हतो, हे मात्र माझ्या मनातून जात नाही. पुढच्या रविवारी अकोल्याला येतो आहे. टाके निघाल्यावर तुम्हाला घरी, अमरावतीला मीच घेऊन जाईन. काकूंना सांगा, डबा करू नका, मी आणतो.

परतीच्या विमानातही मला तशीच पलंगाची सीट मिळाली, पण डाव्या खिडकीची. या वेळी विमान उत्तरेला चाललं होतं. ऊन डाव्या हातावर होतं, पाय बरोबर दिशेला होते. तरी मी झोपलो नाही. पायावरची चादर काढून ठेवली आणि साडेपाच तास वाट पाहत पडून राहिलो. कोणीच घोटा धरला नाही.

म्हणजे तुम्ही बरे आहात, असं मी समजलो.

तुमचा,
गजानन