सेमीफायनलनंतरची लढत

कानिफनाथचा दिवस पहाटे चारला सुरू झाला. श्रीरामपूरच्या मार्केटमध्ये तो आमच्यासोबत कांद्याच्या गोण्या उचलत होता, पण त्याचं लक्ष थायलंडमध्ये होतं. तिथे त्याची मुलगी वैभवी आंतरराष्ट्रीय ज्युनिअर तायक्वांदो स्पर्धेत सेमीफायनल खेळणार होती.

दुपारी जस्टिन हमालाच्या मोबाईलवर आम्ही तिला हरताना पाहिलं.

"आता तिसऱ्या नंबरची लढत," कानिफनाथ म्हणाला. त्याला फक्त कुस्तीचे नियम ठाऊक होते. भाकरीचं फडकं न सोडताच तो मोबाईलभोवती घिरट्या घालू लागला.

"बस की रं! पोरगी लढतीय का तू?" जस्टिन वैतागला.

लढत काही सुरू होईना. शेवटी त्याच मोबाईलवर वैभवीचाच व्हिडिओ कॉल आला.

"आण्णा, ब्राँझ मिळालं!"

"न लढता?"

"आमच्यात सेमीफायनल हरलेल्या दोघींनाही ब्राँझ देतात."

"मंग फुकटचंच की."

"फुकटचं कसं? आधी तीन लढती जिंकले. नडगी बघा किती सुजलीय."

"सुजलीय व्हय? मंग ठीक हाय." तेव्हा कुठे तो खाली बसला आणि जेवला.

आम्ही पेढे मागत राहिलो. त्या आठवड्याच्या हमालीतून त्याने वैभवीच्या नडग्यांना बांधायचे नवे पॅड आणले.