डॉक्टरांना सांगितलेला आकडा

दत्ता गेल्याचा फोन त्याच्या मुलीने सकाळी पावणेसातला केला. मी तेव्हा कळवणला पुतण्याकडे होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. नाशिकला येणाऱ्या बसमध्ये बसून मी मोबाइलवर त्याची निधनवार्ता लिहिली आणि ज्या वर्तमानपत्रात माझी नोकरी संपली तिथे पाठवून दिली. नाव, वय, मूळ गाव, आरोग्याच्या पाहण्यांमध्ये तीस वर्षं काम, पश्चात पत्नी आणि मुलगी. चार ओळी. दुसऱ्या दिवशी त्या छापून आल्या आणि त्यात एकही चूक नव्हती. तरी मी त्या पुन्हा पुन्हा वाचत राहिलो, जणू काही सुटलं आहे... काय सुटलं होतं ते मला त्याच दिवशी माहीत होतं. लिहायला सहा आठवडे लागले.

दत्ताचं काम लोकांना प्रश्न विचारण्याचं होतं. मोठ्या संस्था आरोग्याच्या पाहण्या काढतात, त्यांचे फॉर्म घेऊन जिल्ह्यातल्या घराघरांत जाणारा तो माणूस. आधी लसीकरण, मग बाळंतपणं, आणि नोकरीची शेवटची वर्षं एकच विषय: पुरुष बिडी-सिगारेट किती ओढतात आणि कशामुळे. त्याच्यावर एक बातमी करायची म्हणून मी त्याच्याबरोबर सायखेड्याला गेलो होतो. आमची मैत्री तिथली. टोमॅटोचं शेत असलेल्या एका घराच्या ओसरीवर आम्ही बसलो. दत्ताने नाव विचारलं, शेती विचारली, मुलं विचारली. घरधनी मोकळेपणाने बोलत होता, बायको दाराला टेकून ऐकत होती. मग दत्ता तिला म्हणाला, "वहिनी, जरा पाणी मिळेल का?" ती आत वळली तसा त्याने आवाज खाली आणून विचारलं, "आज सकाळपासून किती झाल्या?"

"अकरा," तो माणूस म्हणाला.

बाई तांब्या घेऊन आल्या तेव्हा दत्ता बियाण्यांबद्दल बोलत होता. जाताना त्याने मुद्दाम तोच प्रश्न त्यांच्यासमोर विचारला. माणूस हसला. "कसलं काय साहेब, एखादी. जेवल्यावर."

"एखादी!" बाई म्हणाल्या. "शर्टाला भोकं पाहा किती हायेत. ती काय उंदरानं पाडली?"

परतताना मोटरसायकलवर दत्ताने मला मागे वळून ओरडून सांगितलं, "बघितलंस ना? बायकोसमोर विचारलं की बायकोला द्यायचं उत्तर मिळतं. डॉक्टरसमोर विचारलं की डॉक्टरला द्यायचं. खरं उत्तर हवं तर आधी माणसाला एकटं करावं लागतं." हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला, मुलाला तो हे शिकवायचा. पाणी मागा. पाणी प्यायलेलं असलं तरी मागा.

त्या बातमीनंतरही मी त्याच्याबरोबर जात राहिलो. फॉर्ममध्ये वय, शिक्षण, कमाई, धंदा असे रकाने असत. दत्ताला ते पुरत नसत. रकान्यात न बसणारं तो मला सांगायचा. अंबडच्या एका गोदामातला हमाल त्याला म्हणाला होता, "बिडी पेटवली का मुकादम काय बोलत नाय. नुसतं बसलं का वरडतो." सुरगाण्याला जीप भरेपर्यंत अड्ड्यावर थांबलेली माणसं एकाच्या पेटत्या बिडीवर दुसरी पेटवत होती, जीप सुटली तशा सगळ्यांच्या विझल्या. दत्ता म्हणाला, "तलफ आली म्हणून माणूस ओढतो हे निम्मंच खरं. जास्त ओढतो ते वाट बघताना. आणि आपल्याकडे माणसाला वाट फार बघावी लागते." मी ते वाक्य छापलं. संस्थेच्या अहवालात ते कुठेच नव्हतं, याचा त्याला शेवटपर्यंत राग होता.

त्याची स्वतःची वाढली ती याच कामात. गावात गेलं की यजमान आधी बिडी पुढे करतो. नाही म्हटलं की माणूस मिटतो, आणि मग फॉर्म भरतो पण खरा भरत नाही. दत्ताने पहिली बिडी पेठच्या रस्त्यावरच्या एका पाड्यात घेतली, नकार देता आला नाही म्हणून. दिवसाला दहा-बारा घरं, घरटी दोन बिड्या. पुढे नोकरी संपली, घरं संपली, बिडीची सिगारेट झाली, आकडा मात्र तिथेच राहिला. रोज दहा वाजता तो वाचनालयात जातो असं सांगून निघायचा. कॉलेज रोडजवळच्या टपरीवर आम्ही भेटायचो. मी तोवर सोडली होती. एकदा मी त्याला त्याचाच प्रश्न विचारला. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग म्हणाला, "सव्वीस. लिहून घे, बातमीदार. तुला पाणी आणायला पाठवायची गरज नाही."

मी लिहून घेतलं नाही. लक्षात मात्र राहिलं.

गेल्या वर्षी त्याचा खोकला थांबेना तेव्हा शैलावहिनी त्याला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांची बस चुकली होती, म्हणून मी गाडी घेऊन गेलो. दवाखान्याच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या: डॉक्टरांची, दत्ताची, वहिनींची. मी दाराशी उभा होतो. तरुण डॉक्टर, शांत आवाजाचे. त्यांनी खोकला विचारला, कफ विचारला, वजन विचारलं. मग पेन उचलून म्हणाले, "सिगारेट? दिवसाला किती?"

दत्ता म्हणाला, "चार-पाच."

वहिनींनी मान हलवली, बरोबर आहे अशी. डॉक्टरांनी लिहून घेतलं. आणि दत्ताने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एक-दोन सेकंद. मी भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे पाहत होतो... म्हणजे, पाहायला लागलो. चाळीस वर्षं मी लोकांच्या बातमीतले आकडे तपासले. 'जखमी पाच' असं आलं तर रुग्णालयात दोनदा फोन करणारा माणूस मी. त्या खोलीत माझ्यासमोर एक आकडा चुकीचा लिहिला गेला आणि मी गप्प राहिलो, कारण मित्राच्या बायकोसमोर मित्राला खोटं पाडायचं नसतं.

बाहेर वहिनी औषधाच्या खिडकीकडे गेल्या. दत्ता हसत होता. "तुझ्या वहिनीला पाणी आणायला पाठवायचं ना रे, गाढवा! एवढ्या वर्षांत काहीच शिकला नाहीस?"

"तू सांगायचंस."

"मी कसा सांगणार? मी पेशंट होतो."

"आता जाऊन सांग."

"पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी त्याच्याबरोबर मुलगी होती. त्यानंतरचं मला विचारवलं नाही. खोकल्याची औषधं दोन महिने चालली, स्कॅन त्यानंतर झाला, आणि स्कॅननंतर दत्ता सात महिने होता. टपरीवर येणं त्याने बंद केलं ते शेवटच्या तीन महिन्यांत, चालवेना म्हणून.

दहाव्याच्या दिवशी गोदाकाठी सगळे जमले होते. विधी आटोपायची वाट पाहत त्यांच्या कॉलनीतले चार-पाच पुरुष बाजूला उभे होते. त्यातल्या एकाने सिगारेट पेटवली आणि दुसऱ्याने त्याला हटकलं.

"अरे, निदान आज तरी!"

"आज काय न् उद्या काय," पहिला म्हणाला. "दत्ताभाऊ चार ओढायचे. गेले. आमचे आण्णा बंडलावर बंडल संपवायचे, ब्याऐंशीला गेले, तेही पाय घसरून. आकड्याला काय अर्थ आहे? ज्याचं त्याचं नशीब."

बाकीचे हसले नाहीत, पण पटल्यासारखे उभे राहिले. मग आणखी एकाने काडी मागितली. मी दोन पावलांवर होतो. दत्ता सव्वीस ओढायचा, एवढे तीन शब्द बोलायला पुरले असते. शैलावहिनी समोर बसल्या होत्या... ऐकू गेलं असतं. मी दुसऱ्यांदा गप्प राहिलो. तीस वर्षं ज्याने इतरांचे खरे आकडे गोळा केले, त्याचा खोटा आकडा त्या पुरुषांनी खिशात टाकला आणि घरी नेला.

गेल्या आठवड्यात मी त्या डॉक्टरांना भेटलो आणि खरं सांगितलं. ते काही वेळ फाइल पाहत होते. म्हणाले, "हा आकडा माहीत असता तर पहिल्याच दिवशी स्कॅन सांगितला असता. त्याने फरक पडला असता का, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही." मी त्यांना दुसऱ्या उत्तरासाठी आडून विचारून पाहिलं, बातमीदार विचारतात तसं. त्यांनी तेच उत्तर दिलं.

मग मी शैलावहिनींकडे गेलो. हा लेख लिहायचा तर आकडा खरा लिहायचा, आणि तो त्यांना वर्तमानपत्रातून कळू द्यायचा नव्हता. त्यांनी चहा ठेवला. मी म्हणालो, "वहिनी, दत्ता चार-पाच ओढायचा हे खरं नाही."

"खरं आहे," त्या लगेच म्हणाल्या. "सकाळच्या चहानंतर एक, जेवल्यावर एक, संध्याकाळी बातम्यांच्या आधी एक आणि झोपताना एक. गॅलरीत. मी बघत होते ना, भाऊजी."

"त्या घरातल्या. बाहेर बावीस."

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळून पुन्हा पुसला. मला वाटलं, आता त्या मला जायला सांगतील. मला ते चाललं असतं.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांकडे तुम्ही तिथेच होतात."

"हो."

"मला एकदा बाहेर जा म्हणाला असतात तर मी गेले असते."

त्यांनी उरलेला चहा दोन कपांत ओतला आणि आम्ही गॅलरीत येऊन बसलो. तिथे त्याची वेताची खुर्ची आहे. तिच्यावर त्या बसल्या. खाली रस्त्यावर शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत होती.

"लिहा," त्या म्हणाल्या. "सव्वीसच लिहा. त्या कॉलनीतल्या लोकांना वाचू दे." मग खुर्चीत जरा पुढे सरकून म्हणाल्या, "पण आधी मला सांगा. त्या बावीस कुठे ओढायचे? दहाला घरातून निघाले की पहिली कुठे?"

"सिग्नलच्या अलीकडे, बसस्टॉपवर."

"बरोबर कोण असायचं?"

"पेपर विकणारे एक गृहस्थ. दत्ता त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायचा."

"हे मला कधी बोलले नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांनी कप खाली ठेवला. "दुसरी?"