न भिजवलेला बांबू

"मॅडम, हे पीठ कसलं वं?" हिराबाईनं तळहात पुढे केला.

हातावर पिवळसर, मऊ भुकटी होती. पॉलिहाऊसच्या जवळजवळ प्रत्येक खांबाशी तशीच ढिगुळी साचली होती. बांबूवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसत होती. पीठ कसलं ते मला लगेच कळलं. बांबूला भुंगा लागला होता.

मी तेव्हा एका संस्थेत शेती सल्लागार होते. हरसूलकडच्या पाड्यांवर स्वस्तातली पॉलिहाऊस उभारायची, हे माझं काम. लोखंडाऐवजी बांबूचा सांगाडा, वर प्लास्टिकचा कागद. पावसाळ्यात उघड्यावरची कोथिंबीर सडते. ती कागदाखाली टिकते, आणि बाजारात माल नसताना भाव खाते. सगळं गणित एवढंच.

हिराबाई आणि तिचा नवरा सोमा दर दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षमळ्यात मजुरीला जात. पाड्यावर टेम्पो यायचा, चार-पाच महिन्यांचं बिऱ्हाड त्यात चढायचं. थोरली मनीषा धाकट्याला सांभाळायला सोबत. त्यामुळे तिची शाळा दरवर्षी अर्धी. "पोरगी दहावी झाली पायजे. दुसरं काय नको मला," असं हिराबाईनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

उन्हाळ्यात बांबू तोडून झाला, तेव्हा सोमाचे वडील बुधाबाबा म्हणाले, "बाई, एक महिना बंधाऱ्यात बुडवून ठेवू. मंग उभा करू."

त्यांच्याकडची ही जुनी रीत. पाण्यात बांबूतला गोड रस निघून जातो, मग त्याला भुंगा लागत नाही. मी मॅनेजरना फोन केला.

"महिना?" ते म्हणाले. "देणगीदार पंधरा दिवसांत येतायत. त्यांना काय, पाण्यात पडलेले बांबू दाखवायचे? स्ट्रक्चर उभं पाहिजे."

मी एकदाही नाही म्हटलं नाही. उलट बुधाबाबांनाच शिकवलं. "बाबा, खाली डांबर लावू. काही होत नाही."

डांबरानं जमिनीतल्या टोकाला वाळवी लागत नाही. आतून पोखरणाऱ्या भुंग्याला त्याचं काय? "तुमी शिकलेल्या, बाई," एवढंच बुधाबाबा म्हणाले. तिसऱ्या दिवशी खांब उभे राहिले. पाहुणे आले, फोटो झाले, मला शाबासकी मिळाली.

पहिला पावसाळा सोन्यासारखा गेला. हिरवीगार कोथिंबीर हरसूलच्या बाजारात हातोहात खपायची. दिवाळीनंतर टेम्पो आला, तेव्हा हिराबाई दारात उभी राहिली आणि हात हलवून नाही म्हणाली. त्या वर्षी मनीषा पहिल्यांदा पूर्ण वर्ष शाळेत बसली आणि नववी पास झाली.

आणि आता दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला हे पीठ.

आम्ही टेकू लावले, दोऱ्या ताणल्या. आषाढात सलग तीन दिवस झड लागली. पोखरलेल्या कमानी वाकल्या, कागदाला झोळ पडला, झोळात पाणी साठलं आणि भरदुपारी सगळा सांगाडा कोथिंबिरीवर बसला. आत कोणी नव्हतं, तेवढं नशीब. आठवड्याभरात काढणी होणार होती.

मॅनेजर म्हणाले, "एका कुटुंबाला दुसऱ्यांदा देता येत नाही. वाऱ्यानं पडलं असं लिहा." मी भुंगा असं लिहिलं. त्यानं काही बदललं नाही.

बुधाबाबांनी पाऊस ओसरल्यावर सोमाला घेऊन नवा बांबू तोडला, बंधाऱ्यात बुडवला आणि वर दगड ठेवले.

तो पाण्यात असतानाच टेम्पो आला.

"मनीषाला आजोबांजवळ ठेव," मी हिराबाईला म्हटलं.

"धाकटा अजून पाच वर्षांचा नाय, मॅडम. मळ्यात त्याला कोण बघंल?" ती रागावलेली नव्हती. मला त्याचीच लाज वाटली.

मनीषा टेम्पोत मागे बसली, धाकट्याला मांडीवर घेऊन. दप्तर तिनं सोबत घेतलं होतं. दहावीच्या परीक्षेला ती बसली नाही, नंतरही नाही. आज ती लग्न होऊन दिंडोरीकडेच असते, मळ्यात कामाला.

त्या भिजवलेल्या बांबूचं सोमाचं दुसरं पॉलिहाऊस अजून उभं आहे. बुधाबाबा गेले, पण त्यांचे खांब तसेच आहेत. हरसूलला जाताना घाटात पाटी लागते, 'अति घाई संकटात नेई'. ती मी वर्षानुवर्षं वाचत गेले. घाई माझी होती, संकट मात्र त्या पोरीच्या वाट्याला गेलं.

परवा जुनी कागदपत्रं काढताना माझ्या ट्रेनिंगची वही सापडली. पहिल्याच पानावर लिहिलं आहे, 'तोडलेला बांबू किमान महिनाभर पाण्यात ठेवावा.' अक्षर माझंच आहे. खाली दोनदा रेघही मारली आहे.