डाव्या हाताची सर्व्हिस

मी जन्माची डावरी. अण्णांनी मला उजवी केली. अण्णा म्हणजे माझे वडील. कळवणच्या शाळेत खेळाचे मास्तर होते, पुढे बदली होऊन नाशकात आले. घास उजव्या हाताने, पेन उजव्या हातात, प्रसादही उजव्याच हातावर. मारलं कधीच नाही. डावा हात पुढे आला की नुसतं ‘अंहं’ म्हणायचे. त्या ‘अंहं’ची मला अजून चीड येते.

टेनिसची रॅकेट दिली तीही उजव्या हातात. मी कुरकुर करायचे. मग एका सकाळी अण्णांनी पेपरातलं खेळाचं पान माझ्यापुढे धरलं. एक जपानी मुलगी टेनिसमध्ये तिच्या देशातल्या कुठल्याच बाईने मारली नव्हती एवढी मजल मारत होती. ती मूळची डावरी, थोरांनी लहानपणीच तिला उजव्या हाताचं वळण लावलेलं, असंही बातमीत होतं.

“बघ,” अण्णा म्हणाले, “तिचं काय अडलं?”

पुढे ती जिंकली की अण्णा पेपर घेऊन हजर, आणि मी मनातल्या मनात तिच्या हरण्याची वाट बघायचे.

माझी सर्व्हिस कायम लेचीपेची राहिली. विद्यापीठाच्या संघात राखीव म्हणून बसले, मग बँकेत लागले आणि खेळ सुटला. ती जपानी खेळाडूही ऐन भरात असताना खेळ सोडून मोकळी झाली. बऱ्याच वर्षांनी, चाळिशी जवळ आल्यावर, ती पुन्हा कोर्टवर उतरली आणि निम्म्या वयाच्या पोरींना हरवू लागली. या वेळी बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. त्याच आठवड्यात गंगापूर रोडजवळच्या कोर्टवर नाव घातलं. खोटं कशाला बोलू, तिच्यामुळेच. बँकेआधीचा खेळाचा तो एक तास तेवढा माझा असायचा.

मागच्या वर्षी उजवा खांदा गेला. चेंडू उडवण्यापुरता हात वर जाई, पण फटके कायमचे बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो तास जाणार, या विचाराने मी हादरले. दोन महिने घरात धुसफुसत काढले. मग एका रविवारी फिरायच्या निमित्ताने अण्णांना घेऊन कोर्टवर गेले. ते बाकावर बसले. मी रॅकेट डाव्या हातात घेतली.

पहिला चेंडू जाळीत गेला, दुसरा थेट मागच्या कुंपणावर. तिसरा जाळीच्या जेमतेम वरून गेला, चौकोनात टप्पा पडला आणि झर्रकन बाहेर वळला. उजव्या हातातून असा चेंडू एकदाही निघाला नव्हता.

आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. अण्णांचा राग आला आणि त्या जपानी बाईचाही. ती तेव्हा पहिल्याच फेरीत हरत राहिली असती, तर अण्णांना दाखवायला काही उरलं नसतं. कुणी बघत नसताना तिने तरी एकदा डाव्या हाताने मारून पाहिलं असेल का? तसं बातमीत कधी आलं नाही.

अण्णा उठून रेषेपर्यंत आले. चेंडू पडला होता तिथे वाकून बघू लागले.

“आयुष्यभर लोकांच्या पोरांचे हात बघितले मी,” ते म्हणाले. “तुझा असा हात होता होय?”

“होता,” मी म्हणाले.