भिंतीवरची आई
ओल्या डिस्टेंपरच्या वासानं चौसाळ्यातल्या आमच्या घराची ती हायवेकडची भिंत डोळ्यांपुढे येते. गावच्या चित्रमहोत्सवात शहरातल्या पोरांनी तिथं मेंढरं हाकणारी माझी आई रंगवली होती. त्याच वर्षी दिवाळीनंतर आई गेली. पुढच्या महोत्सवाला पोरं पांढऱ्या रंगाच्या बादल्या घेऊन आली. "काका, दरवर्षी नवं चित्र असतं," एकजण हळूच म्हणाला. वडील भांडले नाहीत. "सवाष्ण हाय ती. मळवट भरल्याबिगर कशी धाडू?" म्हणाले, दुकानातून कुंकू आणलं आणि शिडीवर चढून चित्रातल्या आईचं कपाळ भरलं, तिला नेताना भरलं होतं तसंच. रंगाचा पहिला हात फिरला तरी कुंकू गुलाबी होऊन वर आलं. पोरांनी दुसरा हात दिला. आज माझ्या घरातला रंगारी विचारतोय, "ताई, दुसरा हात मारू ना?" आणि माझ्या तोंडून हो निघत नाही.